बेकतेमिर एक की दोन

ताश-बुलाकच्या शाळेत मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला, आणि त्या एकतीस वर्षांत गावातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचं नाव एकदाही तोंडातून काढलं नाही. काढणार कसं? तो माझ्या मुलाचा सातवा बाप, सासरचा सात पिढ्यांमागचा पूर्वज. आमच्यात सुनेनं सासरच्या वडीलधाऱ्या पुरुषांची नावं घ्यायची नसतात. जिवंतांची नाहीत, आणि मेलेल्यांची तर नाहीतच. वर्गात मी 'आपले थोर पुरुष' म्हणायचे. मागच्या बाकांवरची टारगट पोरं मुद्दाम विचारायची, "कोण थोर पुरुष, बाई? नाव सांगा ना." मी म्हणायचे, "तू सांग. चुकलास तर तास संपेपर्यंत उभा राहशील." लिहायला मात्र बंदी नाही. आमच्या आज्या-पणज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यामुळे ती बंदी घालायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. तेव्हा लिहून टाकते: बेकतेमिर.

चौकात त्यांचा पुतळा आहे, घोड्यावर बसलेला. दर हिवाळ्यात घोड्याचा एक कान गळतो आणि वसंतात जुमादिल भाऊजी तो पुन्हा बसवून घेतात. भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले चुलतभाऊ, गावातल्या पांढऱ्या दाढ्यांचे म्होरके आणि बेकतेमिर समितीचे तहहयात अध्यक्ष. बेकतेमिरांवर त्यांनी पुस्तिकाही लिहिली आहे. तिच्यात बेकतेमिर तीन गोष्टी करतात. खोकंदच्या खानाच्या पैलवानाला चीत करतात, डोंगर फोडून गावात पाट आणतात, आणि पाट खणणाऱ्या हजार माणसांना चाळीस दिवस पोटभर जेवू घालतात. शाळेतल्या एका खोलीच्या संग्रहालयात याच तीन गोष्टी मोठ्या पाटीवर लिहिलेल्या आहेत. अक्षर माझं आहे.

माझा नवरा सागिन. ट्रॅक्टर दुरुस्त करतात. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस ते कुठल्या तरी ट्रॅक्टरखाली आडवे असतात आणि पाने मागण्यापलीकडे फारसं बोलत नाहीत. उरलेल्या एका दिवशी, पाटाच्या उत्सवात, ते धुतलेला पांढरा कल्पाक, म्हणजे आमची नमद्याची उंच टोपी, डोक्यावर चढवतात आणि मिरवणुकीच्या पुढे घोड्यावर बसतात, कारण वंशजानं पुढे असायचं असतं. एकदा मी म्हटलं, "अहो, पाठ दुखते म्हणता, मग कशाला बसता?" ते म्हणाले, "त्या एका दिवशी मी कुणीतरी असतो, बुरुल." पुन्हा मी कधी विचारलं नाही.

आमचा एकुलता एक कुबानिच राजधानीत, बिश्केकला, दातांचा डॉक्टर झाला आणि तिथेच त्याला मेरिम भेटली. तीही दातांचीच डॉक्टर, खिंडीपलीकडच्या कोक-साय गावची. दोन वर्षं दोघं एकमेकांच्या दाढा तपासत होते की काय देव जाणे, आम्हाला पत्ता नव्हता. मग एक दिवस पोरगा फोनवर म्हणाला, "आपा, कानातले घेऊन ठेव." आपा म्हणजे आई, मोठ्या बाईलाही तेच म्हणतात. मला रडूच आलं. आमच्याकडे मुलाची आई मुलीच्या कानात कानातले घालते तेव्हा सोयरीक पक्की होते. त्याआधी एकच काम उरतं, दोन्हीकडचे सात बाप मोजायचे. सात पिढ्यांत बाप एक निघाला तर मुलं भावंडं ठरतात आणि लग्न होत नाही. त्याची मला काळजी नव्हती. खिंडीपलीकडचे लोक, आपला त्यांचा काय संबंध?

जूनमधल्या एका सकाळी आम्ही चौघं निघालो. सागिन गाडी चालवत होते, शेजारी भाऊजी, मागे मी आणि कुबानिच. भाऊजींनी सोबत पुस्तिकेच्या दहा प्रती घेतल्या होत्या, व्याह्यांना वाटायला.

मुलीचे वडील मेदेर मोठे दिलखुलास गृहस्थ निघाले. मिठी मारली तर माझी टोपी वाकडी झाली. जमिनीवर जेवणाचं पांढरं कापड, दस्तरखान, अंथरलं होतं. त्यावर कणकेच्या तळलेल्या बोर्सोकांचा डोंगर, जर्दाळूचा मुरंबा, साय, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, कुमिसचे, वाडगे. अंगणात मोठ्या कढईत मेंढा शिजत होता आणि त्याचा वास खिडकीतून आत येत होता. चुलीच्या बाजूला मेदेरांची आई, सालिका आपा, उशीला टेकून बसल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी, डोळे मिटलेले, पण बोर्सोकांची ताटली पुढे सरकली की हात बरोबर पोचायचा. मेरिम चहा ओतत होती. पोरगी गोड होती. माझ्या पोराच्या वाडग्यात तीनदा साखर घालून बसली, इतकी घाबरली होती.

"मांस ताटात यायच्या आत मोजून टाकू," भाऊजी दाढी सारखी करत म्हणाले. "शास्त्र ते शास्त्र. पोरा, म्हण."

कुबानिचनं लहानपणी घोकलेलं एका दमात म्हटलं, "सागिन, जापार, मोल्दो, सादिर, काल्पा, तोकोय, बेकतेमिर." शेवटच्या नावाला भाऊजींची छाती फुगली. मेदेर मात्र दचकल्यासारखे झाले आणि मग एकदम हसले.

"अहो, मग आपण घरचेच की," ते म्हणाले. "आमचेही पैलवान बेकतेमिर. तुमच्याच खोऱ्यातून इकडे आलेत आमचे लोक. ऐका. मेदेर, असान, बायिझ, कोजोश, जोलचू, बेकतेमिर."

भाऊजीही हसले. त्यांनी पुस्तिका पुढे केली. मेदेरांनी ती कपाळाला लावली. दोघांनी एकमेकांचे हात हातात घेतले. आणि मग, हात तसेच धरलेले असताना, दोघांच्याही लक्षात आलं. भाऊजींनी आपला हात सोडवून बोटं मोजली. पुन्हा मोजली.

"मुलाकडून सातवा," ते म्हणाले. "मुलीकडून सहावा. पोरं भावंडं लागतात."

किटली मेरिमच्या हातात तशीच राहिली. माझ्या पोराचा चेहरा दस्तरखानाइतका पांढरा पडला. सागिननी घसा साफ केला. "सात म्हणजे सातव्याला धरून, की सोडून?"

"धरून. आणि सोडून म्हटलं तरी मुलीकडचा सहावा कुठे सोडशील?"

"एका नावाचे दोन असतील," मेदेर हळूच म्हणाले. "आमच्या गावात आज चार मेदेर आहेत. एक तर माझ्यासारखाच टकला आहे."

"मेदेर चार असतील. बेकतेमिर एकच." भाऊजींनी खिशातून फोन काढला, चष्मा चढवला आणि एक फोटो सगळ्यांपुढे धरला. माझी पाटी होती. माझं सुबक अक्षर होतं. "हे बघा. संग्रहालयातलं आहे. कुस्ती, पाट, मेजवानी, तिन्ही एकाच माणसाची. आणि लिहिलंय कुणी? मुलाच्या आईनंच."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझ्याच अक्षरानं माझ्या पोराचं लग्न मोडत होतं, आणि मी मूग गिळून बसले होते. कारण ती पाटी खोटी आहे हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. ते सांगायचं तर माझ्या नवऱ्याचा तो वर्षातला एक दिवस जाणार होता.

तेवढ्यात सालिका आपांनी डोळे उघडले. "कुणाबद्दल चाललंय? आपल्या तिरक्या बाबांबद्दल?"

त्याही सूनच होत्या त्या घरच्या. चौसष्ट वर्षांपूर्वी आल्या असतील, तरी नाव घेणार नव्हत्या.

"तिरके का, आपा?" मी विचारलं. 

"माझी सासू सांगायची, तिला तिच्या सासूनं सांगितलेलं. खांदे एवढे रुंद, की तंबूच्या दारातून सरळ यायचेच नाहीत. तिरके होऊन आत यायचे. खडक फोडायला उभे राहिले की बाकीचे लांब जायचे."

"बघा," भाऊजी खूश होऊन म्हणाले, "आमच्या पुतळ्याचे खांदेही तसेच आहेत."

"आणि खायचे," सालिका आपा म्हणाल्या. "बाई गं, खायचे. अजूनही घरात कुणी खादाड पाहुणा आला ना, की आम्ही सुना चुलीपाशी एकमेकींना म्हणतो, तिरके बाबा जेवायला बसले, कढईवाल्या बाबांना सांगा पुन्हा पाणी ठेवा." आणि डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर घेऊन हसल्या.

मेदेरही हसले. "हे मी कधी ऐकलंच नाही. कढईवाले बाबा कोण?"

"मला काय ठाऊक? माझ्या सासूलाही ठाऊक नव्हतं. असतील कुणी, पलीकडच्या खोऱ्यातले. आम्ही आपलं म्हणतो झालं."

मला ठाऊक होतं. लग्न होऊन मी आले त्या वर्षी माझी सासू कणीक मळताना म्हणाली होती, "ही कढई सांभाळ. आपण कढईवाल्या बाबांच्या घरच्या सुना." आमचे सातवे बाप पैलवान नव्हते. काडीसारखे होते, कमरपट्टा दोनदा गुंडाळावा लागे. पाटाच्या कामावर हजार माणसांचं रांधायचे, चाळीस दिवस, आणि कुणी उपाशी झोपला नाही. "पुरुषांना बोलू नकोस," सासू म्हणाली होती. "त्यांना घोडा हवाय." पुढे संग्रहालय करायची वेळ आली तेव्हा मी विचार केला, आचारी घोड्यावर कसा दिसेल? त्यापेक्षा पुरुषांच्या तोंडी पैलवान आहेच, नाव एक आहे, माणूसही एकच करून टाकावा. मी त्यांची मेजवानी उचलली आणि पैलवानाच्या खात्यात लिहिली; भाऊजींची पुस्तिका त्या पाटीवरूनच झाली. मुलांना परीक्षेत कॉपी केली म्हणून मी कान धरून बाहेर काढलेलं आहे, आणि स्वतः हे केलं होतं.

मी सागिनकडे पाहिलं. ते आपल्या काळ्या पडलेल्या नखांकडे बघत होते. मला त्यांचा पांढरा कल्पाक आठवला आणि आतून तुटलं. पण समोर माझा पोरगा बसला होता, आणि किटली धरून ती पोरगी उभी होती.

"कढईवाले बाबा आमचे," मी म्हटलं.

आणि मग सगळं सांगितलं. कमरपट्टा सांगितला, सासू सांगितली, पाटी खोटी आहे तेही सांगितलं. सांगताना एकदाही सागिनकडे बघायची हिंमत झाली नाही.

भाऊजींची दाढी थरथरायला लागली. "चुलीपाशी बायका काय कुजबुजतात त्यावरून इतिहास ठरवायचा?"

"भाऊजी, इतिहास मीच लिहिलाय आणि खोटा लिहिलाय. मग खरा कुठेतरी राहिला असेलच ना? दोनदा कमरपट्टा गुंडाळणारा माणूस दारातून तिरका कशाला होईल? एक जेवायला बसलाय आणि दुसरा त्याच्यासाठी पाणी ठेवतोय. एकटा माणूस दोन्ही कसं करेल, तुम्हीच सांगा. तुम्ही पुरुषांनी नाव जपलं, नाव दोघांचं एकच होतं. आम्हाला नाव घ्यायची चोरी, म्हणून आम्ही माणसं लक्षात ठेवली."

"बरोबर बोलली," सालिका आपा म्हणाल्या आणि एक बोर्सोक तोंडात टाकला.

"म्हणजे कुस्ती यांची," भाऊजी बोटांवर मोजत म्हणाले, "पाट यांचा. आणि आपल्या वाट्याला काय? झारा? आणि चौकातल्या पुतळ्याचं काय करू मी?"

"राहू द्या की," मेदेर त्यांना समजावत म्हणाले. "घोडा तुमचा, वर बसलेले आमचे."

मेदेर चांगल्या मनानं बोलले, पण भाऊजींना ते झोंबलं. ते गुडघ्यांवर हात ठेवून सरसावले. "सागिन, ऊठ. तुझ्या पूर्वजाची थट्टा झाली त्या घरचं मांस आपण खायचं नाही. तू वंशज आहेस. काय ते तू ठरव."

मांस खाल्लं की सोयरीक मान्य. न खाता उठलं की संपलं. मग शंभर आज्या साक्षीला आणल्या तरी उपयोग नाही.

सागिन उठले.

 त्यांनी भिंतीवरच्या खुंटीचा कल्पाक घेतला, डोक्यावर ठेवला आणि दाराबाहेर गेले. कुबानिचनं मान खाली घातली. मेरिमनं किटली खाली ठेवली, जरा आदळलीच. मी खिडकीकडे वळले. गाडी फाटकापाशी उभी होती. सागिन त्या दिशेनं चार पावलं चालले, थांबले, आणि कढईकडे वळले.

तिथे मेदेरांची भावजय झारा धरून उभी होती. सागिननी कोट काढून कुंपणावर टाकला, बाह्या वर केल्या आणि हात पुढे केला. ती बिचारी झारा देईना. मुलाच्या बापानं व्याह्यांच्या घरी कढईला हात लावायचा? असं कुणी ऐकलं होतं का? सागिननी तिच्या हातून झारा हळूच काढून घेतला, तळापासून ढवळलं, रस्सा वाडग्यात घेऊन, फुंकून चाखला, आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "मीठ कमी आहे."

व्याह्याच्या घरच्या रश्श्याला नाव ठेवलेलं कोक-साय गावानं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं असेल.  मग सालिका आपा खिडकीकडे बघत म्हणाल्या, "आले गं बाई, कढईवाले आले," आणि मेदेर इतके हसले की कुमिस सांडला. माझा पोरगा हसत होता आणि डोळे पुसत होता. मीठ घेऊन मेरिमच बाहेर धावली.

मेदेरही मग बाहेर गेले. मी खिडकीतून पाहत होते. ते सागिनना म्हणाले, "व्याही, लाजवता आम्हाला. सोडा तो झारा."

"का सोडू?" सागिन म्हणाले. "एवढी वर्षं मी पैलवानाचा वंशज म्हणून घोड्यावर बसलो. कुस्ती मला कधी आली नाही. आणि रोज सकाळचा चहा, मूग-बटाट्याचं सूप, पोरगा लहान असताना त्याची लापशी, हे सगळं कोण करायचं, विचारा हिला. मला वाटायचं, हे कुठून आलं आपल्यात? लाज वाटायची. आज कळलं कुठून आलं ते."

खरंच तेच करायचे. मला सकाळची शाळा असायची. एकतीस वर्षं त्यांच्या हातचं खाऊन मी मुलांना पैलवानाच्या गोष्टी सांगायला जात होते, आणि माझ्या कधी डोक्यातही आलं नाही.

भाऊजी अजून दस्तरखानाशी बसून होते. बराच वेळ त्यांनी पुस्तिकेची पानं चाळली. शेवटी ती मिटून म्हणाले, "दुसरी आवृत्ती काढावी लागेल. दोन भागांत." मग थोडं थांबून, "मेंढ्याचं मानाचं डोकं मलाच आहे ना?"

"तुम्हालाच, भाऊजी. तुमच्याशिवाय कुणाला?"

मांस आलं, सागिननीच ताटात वाढलं. डोकं भाऊजींपुढे ठेवलं, सालिका आपांना मऊ भाग काढून दिला. मेदेरांनी तीन ताटं संपवली, आणि चौथ्या वेळी चुलीकडच्या बायकांत अशी खसखस पिकली की त्यांनी वाडगा पालथाच घातला.

जेवणं झाल्यावर आतल्या खोलीत मी मेरिमच्या कानांत कानातले घातले. कडी छिद्रात जाईना. ती म्हणाली, "आपा, थांबा, मी मान तिरकी करते." मग कान चाचपत तिनं हळूच विचारलं, "लग्नानंतर मी त्यांचं नाव घ्यायचं नाही ना? मग काय म्हणू?"

"सासऱ्यांना ना? आजकाल काय, नुसतं बाबा म्हटलं तरी चालतं."

"नुसतं कसं चालेल? सालिका आज्जी म्हणते, नुसतं म्हटलं की पुढे माणूस हरवतो."

ती खिडकीतून बघत राहिली. अंगणात सागिन रिकामी कढई घासत होते आणि मेदेर त्यांना ओढून आत आणायचा प्रयत्न करत होते. जुमादिल भाऊजी बाजूला उभे राहून घासायचं कसं ते सांगत होते.

"सगळे बसून राहिले होते," मेरिम म्हणाली. "मला वाटलं, आता हे जाणार. त्यांना उठायला सांगितलं होतं जाण्यासाठी, आणि ते उठले आमच्यासाठी. उठलेले बाबा म्हणू?"

मी तिला जवळ घेतलं. मला खूप रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. सात पिढ्यांनंतर आमच्या घरातली कुठली तरी सून कणीक मळताना नव्या सुनेला उठलेल्या बाबांची गोष्ट सांगणार होती. पुतळ्याची नाही, पाटीवरची नाही, माझ्या माणसाची.

परतताना ऊन अजून खिंडीवर होतं. भाऊजी पुढच्या सीटवर घोरत होते. कुबानिच मागे फोनमध्ये बघून एकटाच हसत होता.  सागिन रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "यंदाच्या उत्सवात घोड्यावर दुसऱ्या कुणाला तरी बसवावं लागेल. मेदेरना बोलावू. त्यांचे खांदे आहेत तसे." आवाज साधाच होता, पण इतकी वर्षं ऐकलेला आवाज मला कळतो.

सुनांनी ठेवलेलं नाव ज्याचं त्याला सांगायचं नसतं. माझ्या सासूनं सांगितलं नाही, तिच्या सासूनंही नाही. पण कढईवाले बाबा आपलं नाव न ऐकताच गेले, आणि मला ते त्या क्षणी मुळीच बरोबर वाटलं नाही. मी पुढे वाकले आणि सागिनच्या कानाशी ते नाव सांगितलं. मेरिमनं का ठेवलं तेही सांगितलं.

त्यांनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली. इंजिन तापलंय म्हणाले. खाली उतरले, झाकण उघडलं आणि त्याच्यामागे उभे राहिले, बराच वेळ.

इंजिन तापलं नव्हतं.